जुन्या लॅपटॉपवर एमपीव्ही: व्हिडिओ का अडखळतो हे सांगणारा प्लेयर

माझ्या वडिलांचा लॅपटॉप २०१२ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा दुसऱ्या पिढीतील कोअर आय५ प्रोसेसर, प्रोसेसरमध्येच असलेली एचडी ग्राफिक्स ३००० ही चिप, चार जीबी मेमरी आणि १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा पडदा आहे. त्यावर लिनक्स मिंट २२ या कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) हलकी एक्सएफसीई आवृत्ती घातल्यापासून पत्रव्यवहार, बँकेची कामे, वर्तमानपत्रे वाचणे हे सारे सुरळीत चालू होते. अडचण होती ती फक्त व्हिडिओची. बाबा रोज संध्याकाळी कीर्तन किंवा नाट्यसंगीताची मैफल लावतात, आणि पाच-दहा मिनिटांत चित्र गोठे, आवाज मात्र पुढे चालू राही. “गाणं पुढं गेलं, माणूस मागंच राहिला,” असे ते म्हणत. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले तेव्हा लॅपटॉप उघडूनही न पाहता नवा घेण्याचा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही, कारण हाच लॅपटॉप जुनी डीव्हीडी उत्तम दाखवत होता. एक व्हिडिओ चालतो आणि दुसरा चालत नाही, तर दोष केवळ यंत्राच्या वयाचा असू शकत नाही. गेले सहा महिने मी या लॅपटॉपवर एमपीव्ही हा प्लेयर वापरतो आहे, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहितो आहे.

एमपीव्हीची वंशावळ जुनी आहे. २००० साली सुरू झालेल्या एमप्लेयरपासून पुढे एमप्लेयर२ निघाला आणि त्यातून २०१२ मध्ये एमपीव्हीचे काम सुरू झाले. पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली. व्हिडिओ उलगडण्याचे, म्हणजे डीकोड करण्याचे काम तो एफएफएमपेग या संग्रहाकडून करून घेतो, त्यामुळे वेगळे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धती, शोधत बसावे लागत नाही. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे, विनामूल्य आहे आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एका मिनिटात बसतो. मिंटमध्ये आधीपासून असणारा सेल्युलॉइड हा प्लेयरदेखील आतून एमपीव्हीच आहे. वर फक्त बटणांची खिडकी चढवलेली आहे.

उघडल्यावर प्रथमदर्शनी निराशा होण्याची शक्यता आहे. मेनू नाहीत, पर्यायांची पाने नाहीत. काळी खिडकी आणि माउस हलवल्यावर खाली दिसणारी एक पट्टी, एवढेच. पण व्हिडिओ चालू असताना कळफलकावरील ‘आय’ ही कळ दाबली की डाव्या बाजूला जी माहिती उमटते, तिच्यासाठी मी हा प्लेयर पुन्हा पुन्हा निवडेन. शिफ्टसह तीच कळ दाबली तर ती माहिती पडद्यावर टिकून राहते. व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये आहे, त्याची लांबी-रुंदी किती, दर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, आहेत, डीकोडिंग ग्राफिक्स चिप करते आहे की प्रोसेसर, आणि किती फ्रेम गळाल्या, म्हणजे वेळेवर न दाखवता सोडून दिल्या, हे सारे तिथे दिसते. गळालेल्या फ्रेमचा आकडा दोन भागांत दिलेला असतो: डीकोडरपाशी गळालेल्या आणि पडद्यावर पाठवताना गळालेल्या. जुन्या संगणकावरच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींची पहिली विभागणी हे दोन आकडे आणि डीकोडिंग कोण करते आहे यांवरून करता येते. पहिला आकडा वाढत असेल तर व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरला झेपत नाही. दुसरा वाढत असेल तर चित्राचा आकार बदलून ते पडद्यावर मांडण्यात उशीर होतो आहे; पण मूळ सेटिंगमध्ये एमपीव्ही डीकोडरपाशी फ्रेम सहसा गाळत नाही, त्यामुळे उलगडण्यातला उशीरही याच आकड्यात दिसतो, आणि डीकोडिंग प्रोसेसर करत असेल तर आधी तोच संशय घ्यावा. दोन्ही आकडे स्थिर असूनही चित्र थांबत असेल, तर डिस्क किंवा इंटरनेट माहिती पुरेशा वेगाने देत नाही, आणि त्यासाठी याच माहितीच्या तिसऱ्या पानावर, म्हणजे ‘३’ ही कळ दाबून, साठवून ठेवलेल्या माहितीची स्थिती पाहता येते.

बाबांच्या लॅपटॉपवर अडखळणारी मैफल एमपीव्हीत लावली तेव्हा गळालेल्या फ्रेमचा आकडा भराभर चढत होता, डीकोडिंग प्रोसेसर करत होता आणि कोडेक होता व्हीपी९. दुखणे नेमके कुठे आहे ते एका मिनिटात कळले.

यामागचे कारण समजून घेतले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. ग्राफिक्स चिपमध्ये ठरावीक कोडेक उलगडण्यासाठी स्वतंत्र मंडल (सर्किट) असते आणि ते काम त्या मंडलाकडे गेले की प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. एचडी ग्राफिक्स ३००० ही चिप २०११ ची. तिला एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ उलगडता येतात, यातला एच.२६४ हा मानक २००३ चा आहे. एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३ मध्ये आले आणि एव्ही१ तर २०१८ मध्ये. चिप तयार झाली तेव्हा जे कोडेक जन्मालाच आले नव्हते, ते उलगडणारे मंडल तिच्यात असणार कसे? इंटेलच्या बाबतीत साधा आठ-बिटी एचईव्हीसी २०१५ च्या स्कायलेक या प्रोसेसर-पिढीपासून, व्हीपी९ पूर्णपणे त्यानंतरच्या केबी लेकपासून आणि एव्ही१ २०२० च्या टायगर लेकपासून हार्डवेअरमध्ये उलगडतो. ज्यांचा संगणक यापूर्वीचा आहे त्यांनी एच.२६४ हाच आपला कोडेक मानावा. तो १०८० ओळींपर्यंत ही जुनी चिप आजही आरामात उलगडते.

अट एवढीच की लिनक्सवर चिपपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मोकळा असावा. त्या रस्त्याचे नाव व्हीए-एपीआय, आणि तो मोकळा आहे की नाही हे ‘व्हीएइन्फो’ नावाचे छोटे साधन सांगते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ते चालवले की चिपला येणाऱ्या कोडेकची यादी मिळते. ज्या ओळीच्या शेवटी ‘व्हीएलडी’ अशी अक्षरे असतात तो कोडेक चिप उलगडू शकते. आमच्याकडे यादीऐवजी चूक दाखवणारा संदेश आला. या रस्त्यासाठी इंटेलचे दोन ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारी सॉफ्टवेअर, आहेत. नवा ‘आयएचडी’ ब्रॉडवेल (स्कायलेकच्या आधीची पिढी) आणि त्यानंतरच्या चिपसाठी आहे आणि जुना ‘आय९६५’ त्याआधीच्या चिपसाठी. जुन्याचा विकास आता थांबला असला तरी डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या सॉफ्टवेअर-भांडारात तो अजून मिळतो, आणि मिंटही तिथूनच घेते. या लॅपटॉपवर फक्त नवा बसलेला होता. जुना बसवून पुन्हा व्हीएइन्फो चालवले तेव्हा एच.२६४ च्या ओळी उमटल्या. याच पायरीवर बहुतेक लोक अडकतात, कारण ड्रायव्हर नसला तरी कोणताही प्लेयर तसे मोठ्याने सांगत नाही. तो गुपचूप प्रोसेसरकडून काम करून घेतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त पंख्याचा आवाज.

एवढे केल्यावरही एमपीव्ही आपणहून चिप वापरत नाही. हार्डवेअर डीकोडिंग त्यात मुळात बंद असते, कारण चिप आणि ड्रायव्हर यांच्यातल्या चुकांमुळे चित्र बिघडू शकते आणि प्रकल्पातल्या लोकांनी अचूकतेला अग्रक्रम दिला आहे. भूमिका म्हणून मला ती मान्य आहे. जुन्या संगणकाच्या मालकाला मात्र ती कोणीतरी आधी सांगायला हवी. चालू व्हिडिओत कंट्रोल आणि ‘एच’ या कळा दाबून फरक तत्काळ पाहता येतो. कायमस्वरूपी सोय करायची तर आपल्या होम फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘एमपीव्ही’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘एमपीव्ही डॉट कॉन्फ’ ही साधी मजकुराची फाइल ठेवायची. फाइलमधली अक्षरे अर्थातच रोमन असतात. माझ्या फाइलमध्ये सुरुवातीला दोनच ओळी होत्या: ‘एचडब्ल्यूडेक’ या पर्यायाला ‘ऑटो-सेफ’ हे मूल्य आणि ‘प्रोफाइल’ या पर्यायाला ‘फास्ट’ हे मूल्य.

दुसऱ्या ओळीचे महत्त्व मला उशिरा कळले. ०.३७ या आवृत्तीपासून एमपीव्ही चित्राचा आकार बदलताना अधिक दर्जेदार, पण ग्राफिक्स चिपवर अधिक भार टाकणाऱ्या पद्धती वापरतो, आणि मिंट २२ मध्ये तीच आवृत्ती आहे. पहिली ओळ लिहिल्यावर उलगडण्यातला उशीर थांबला, पण पडद्यावर पाठवताना काही फ्रेम गळतच राहिल्या. ‘फास्ट’ लिहिताच त्याही थांबल्या. या लॅपटॉपच्या पडद्यावर दर्जातला फरक मला शोधूनही दिसला नाही. काही संगणकांवर चिपने उलगडलेले चित्र थेट पडद्याकडे नेण्याचा मार्ग नीट चालत नाही आणि हिरवे किंवा काळे चित्र दिसते; अशा वेळी ‘ऑटो-सेफ’ऐवजी ‘व्हीएएपीआय-कॉपी’ लिहून पाहावे. त्यात प्रत्येक फ्रेम एकदा मुख्य मेमरीत उतरवली जाते, म्हणून थोडा वेग जातो, पण चित्र निर्धोक मिळते.

आता यूट्यूबबद्दल, कारण बाबांचे नव्वद टक्के पाहणे तिथलेच आहे. यूट्यूब एकच व्हिडिओ अनेक कोडेकमध्ये ठेवते आणि ब्राउझरला चालत असेल तर व्हीपी९ किंवा एव्ही१ पुढे करते, कारण त्यांना इंटरनेटचा डेटा कमी लागतो. १०८० ओळींपर्यंत एच.२६४ ची प्रतही तिथे असतेच, ती मागून घ्यावी लागते. ब्राउझरमध्येच पाहायचे असेल तर ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन बसवावे; ते यूट्यूबला एच.२६४ देण्यास भाग पाडते. खात्रीसाठी व्हिडिओवर माउसची उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. तिथे ‘एव्हीसी१’ दिसले की आपला कोडेक मिळाला असे समजावे. ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ दिसले तर नाही. एमपीव्ही मात्र ‘वायटी-डीएलपी’ या साधनाच्या मदतीने यूट्यूबचा दुवा थेट उघडतो, आणि त्याच्या ‘वायटीडीएल-फॉरमॅट’ या पर्यायात मी एव्हीसी१ आणि जास्तीत जास्त ७२० ओळी अशी अट घातली आहे.

७२० ओळींची अट ऐकून काहींना वाटेल की ही दर्जाशी तडजोड झाली. आकडे पाहावेत. १०८० ओळींच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ७२० ओळींच्या फ्रेममध्ये ९,२१,६००. बाबांच्या पडद्यावर मुळात १०,४९,०८८ पिक्सेलच आहेत. म्हणजे १०८० ओळींचा व्हिडिओ लावला की सव्वादोनपट काम करून उलगडलेले चित्र पुन्हा निम्म्यावर दाबायचे. त्यात सेकंदाला तीसऐवजी साठ फ्रेम असतील तर काम आणखी दुप्पट. ही अट घातल्यापासून प्रोसेसरवरचा भार, जो आधी शंभर टक्क्यांजवळ असे, तो पंधरा-वीस टक्क्यांवर आला आहे आणि पंखा ऐकू येत नाही. मैफल ऐकताना पंख्याचा आवाज नसणे ही माझ्या दृष्टीने चित्राच्या दर्जाइतकीच मोलाची गोष्ट आहे. एक सावधगिरी सांगतो: भांडारातील वायटी-डीएलपी लवकर जुनी होते आणि यूट्यूबने आपल्या बाजूला बदल केला की दुवा उघडेनासा होतो. तेव्हा एमपीव्हीला दोष न देता हे साधन त्याच्या मूळ ठिकाणाहून ताजे करून घ्यावे.

इतके सगळे केल्यावरही एक तक्रार उरली होती. अर्ध्या-पाऊण तासानंतर चित्र पुन्हा अडखळू लागे, आणि तोच व्हिडिओ सकाळी थंड लॅपटॉपवर लावला तर अजिबात अडखळत नसे. ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान पाहिले तेव्हा ते नव्वद अंशांच्या वर होते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि फ्रेम गळू लागतात. मागचे झाकण उघडले तर पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या मधे धुळीचा नमदा साचला होता. तो काढून प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलल्यावर तापमान पंचवीस अंशांनी उतरले. सॉफ्टवेअरमध्ये डोके घालण्यापूर्वी हे करायला हवे होते, असे आता वाटते. जुना संगणक असेल तर वाचकांनी तरी सुरुवात इथूनच करावी. त्याच दिवशी दुसऱ्या खाचेत चार जीबी मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती मुख्य मेमरीच वापरते, आणि दोन पट्ट्या असल्या की मेमरीकडून मिळणारा वेग वाढतो.

चित्र हलताना आडवी रेघ पडून वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकल्यासारखे दिसत असतील, तर तो फ्रेम गळण्याचा प्रकार नाही. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरच्या सूक्ष्म सेटिंगमध्ये कंपोझिटर (खिडक्यांची चित्रे एकत्र करून पडद्यावर पाठवणारा भाग) सुरू केल्यावर आमच्याकडची ती रेघ गेली.

एमपीव्हीने मला मनापासून आनंद दिला तो एका वेगळ्याच कामात. माझ्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आहे. पाल पद्धतीने चित्रित केलेले, ७२० बाय ५७६ चे ते चित्र आहे, आणि त्यात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम ओळींच्या दोन अर्धांनी बनलेली असते. जुन्या दूरदर्शन संचावर ते नीट दिसे; आजच्या पडद्यावर माणूस हलला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. एमपीव्हीत ‘डी’ कळ दाबताच ते दात नाहीसे झाले आणि हालचाल इतकी मऊ झाली की आईने अक्षता पडतानाचा भाग तीनदा पाहिला. हा कोडेकचा दोष नसल्यामुळे कितीही नवा संगणक घेतला तरी ही अडचण उरतेच, आणि उपाय एका कळीवर आहे.

मराठी उपशीर्षकांच्या बाबतीतही प्लेयर विश्वासार्ह आहे. जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार योग्य जागी पडतात. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर संगणकावर देवनागरी फॉण्ट नाही असे समजावे. नोटो किंवा लोहित देवनागरी बसवला की काम होते. उपशीर्षकांची फाइल युनिकोडपूर्व काळातल्या फॉण्टमध्ये टंकलेली असेल तर मात्र ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, कारण तिथे दोष फाइलमध्येच असतो. लॅपटॉप टीव्हीला किंवा ब्लूटूथ स्पीकरला जोडल्यावर आवाज मागेपुढे होतो, त्यासाठी कंट्रोलसह अधिक किंवा उणे चिन्ह दाबले की दर वेळी दशांश एक सेकंदाचा फरक करता येतो. स्पीकरचा आवाज मागून येत असेल तर उणे.

एका ठिकाणी मात्र हा प्लेयर आणि हा लॅपटॉप दोघेही थकतात, आणि ते लपवण्याचे कारण नाही. नातेवाइकांच्या नव्या फोनवर घेतलेले फोरके चित्रीकरण बहुधा एचईव्हीसीमध्ये असते. त्याच्या एका फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल असतात, चिपला तो कोडेक येत नाही आणि दोन गाभ्यांच्या प्रोसेसरला ते झेपत नाही. कोणतीही सेटिंग इथे उपयोगी पडत नाही. एफएफएमपेगने ते एच.२६४ मध्ये, ७२० ओळींत बदलून घेणे हाच मार्ग आहे, आणि पाच मिनिटांच्या चित्रीकरणाला या लॅपटॉपवर वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. त्यापेक्षा चित्रीकरण करणाऱ्यालाच आधी सांगावे: आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की नेहमीचे चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते.

व्हीएलसीशी तुलना अपरिहार्य आहे. तो चांगला प्लेयर आहे, त्याच्या ३.० आवृत्तीपासून हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असते आणि मेनूंमुळे नवख्याला तो सोपा जातो. ज्याचा व्हिडिओ त्यात नीट चालतो त्याने तो बदलण्याचे कारण नाही. हरवलेल्या फ्रेमचा आकडा त्यातही मिळतो, पण वेगळ्या खिडकीत, आणि त्या उलगडताना हरवल्या की दाखवताना हे त्यावरून समजत नाही. माझा आक्षेप एमपीव्हीवरही आहे. त्याची मार्गदर्शिका परिपूर्ण, पण इंग्रजीत आणि फार लांब आहे. पर्यायांची नावे आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उतरवली तर ती चालेलच असे नाही. म्हणून फाइल छोटी ठेवावी. एका वेळी एकच ओळ घालावी, ‘आय’ दाबून आकडे पाहावेत आणि फरक पडला नाही तर ती ओळ काढून टाकावी.

बाबांसाठी शेवटी मी सेल्युलॉइड ठेवला आहे. त्याच्या पसंतीच्या पानावर एमपीव्हीची कॉन्फिग फाइल वापरण्याची सोय आहे, त्यामुळे वर लिहिलेल्या सगळ्या ओळी त्यालाही लागू होतात आणि बाबांना थांबवण्याचे, पुढे सरकवण्याचे बटण समोर दिसते. परवा साडेतीन तासांची संगीत नाटकाची ध्वनिचित्रफीत त्यांनी एका बैठकीत पाहिली. संपल्यावर मी ‘आय’ दाबून पाहिले. तेवढ्या वेळात दोन्ही मिळून चार फ्रेम गळाल्या होत्या.